अकरा नंबरचा तारा

ब्लॅकबर्नच्या म्युझियममध्ये, तळघरात,
फोमच्या गादीवर पालथा पडलाय तो.
आठ टोकं, एकाचा कपचा उडालेला.
असे सत्तावीस आणले होते एनोक थर्लवेलने,
गिरणीमालक माणूस,
तेहरानच्या कुणा दलालाकडून, पेंढ्यात गुंडाळून,
डझनाच्या भावाने,
आणि बसवले चिरूट ओढायच्या खोलीत, शेकोटीभोवती.
बायकोला निळा आवडायचा. एवढीच नोंद.

त्याआधी सहाशे वर्षं
तो एका पीराच्या कबरीशेजारी होता,
भिंतीत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर.
मैदानातलं गाव. मंगोल येऊन गेलेले.
घरं अर्धी, विहिरी बुजलेल्या,
आणि लोकांनी आधी बांधायला घेतला दर्गा.

खाली चौकोन, वर घुमट.
या दोघांचं मुळात पटत नाही.
मग कोपऱ्याकोपऱ्यात कमान घालायची,
चाराचे आठ करायचे, आठाचे सोळा,
गोल होईपर्यंत भिंतीची समजूत काढत न्यायची.
माझे बाबा गवंडी, खामगावचे.
घाणीतला चुना बोटावर घेऊन जिभेला लावायचे,
म्हणायचे, अजून चावतोय, मुरू दे.
त्यांना हा दर्गा दाखवला असता
तर वर पाहिलंच नसतं त्यांनी,
कोपरे पाहत बसले असते.

फरशी दोनदा भाजायची.
दुसऱ्यांदा तांब्या-चांदीचा लेप,
आणि भट्टीचं तोंड बंद, धूर आतच कोंडायचा.
गार झाल्यावर काळं पुसलं की खाली सोनं,
ज्यात गुंजभरही सोनं नाही.
थर्लवेलच्या शेकोटीनेही धूर दिला,
ऐंशी वर्षं, इमानेइतबारे.
त्याची नुसती काजळी झाली.

ती मी कापसाच्या बोळ्याने काढते,
नखाएवढी जागा, मग पुढची.
कापूस!
याच गावच्या गिरण्यांसाठी
आमच्या बाजारातून गाठी निघायच्या,
त्या गाठींचं सूत, सुताचे पैसे, पैशांचे तारे.
बोळा काळा होतो. मी दुसरा घेते.

काठाने फारसी अक्षरं फिरतात.
मला वाटलं दुवा असेल.
क्युरेटर म्हणाली, नाही, प्रेमाची कविता आहे.
कबरीपाशी?
हो, कबरीपाशी.
शेवटचा शब्द कपच्याबरोबर गेलाय,
त्यामुळे ती त्याला ये म्हणतेय की जा,
कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी झुलेखाबाई मुन्शी येतात, लादी पुसायला.
भरूचकडच्या. चाळीस वर्षं झाली इथे.
त्या दाराशीच बूट काढतात.
मी म्हटलं, अहो, गार आहे, कशाला?
म्हणाल्या, तुझ्यासाठी थोडीच काढते.

टेबलावर एक फोटो आहे, तिथल्या भिंतीचा, आजच्या.
दर्गा उभा आहे. दिवा लागतो. बायका येतात.
गिलाव्यात नुसत्या खाचा:
तारा, फुली, तारा, फुली,
एसटीत रुमाल टाकून जागा धरावी
तशी भिंतीने धरून ठेवलेली.

अकराच्या पाठीवर त्यातलाच एक लपका आहे,
उचकटताना सोबत आलेला.
नियम सांगतो: खरवडा, पाठ सपाट करा,
म्हणजे काचेच्या पेटीत नीट बसेल.
मी पातं उचललं.
एक कण सुटला,
आणि कुणी पाहत नाही असं बघून
(झुलेखाबाई पाहत होत्या)
जिभेला लावला.
चावत नाही.
मुरलाय.

पातं खाली ठेवलं.
अहवालात लिहिलं: मागची बाजू साफ केलेली नाही.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं,
हा भाग वस्तूचा नाही, वास्तूचा आहे.
इंग्रजीत ते तितकंसं जमलं नाही.

झुलेखाबाईंनी बूट घातले, बादली उचलली.
दिवा मालवू का? म्हणाल्या.
थांबा, म्हटलं, याला जरा झाकते.
उद्या बारा नंबर.